कार्बनची डावी बाजू

१

मंगळवारी सकाळी एडवर्ड अंकलची काळी गाडी शेडमध्ये होती तिथेच होती. पण तिचा डावा मडगार्ड मुठीएवढा आत गेला होता, त्याच बाजूचा इंडिकेटर फुटला होता, आणि हे कधी झालं, कुणी केलं, ते खुद्द अंकलनाच सांगता येत नव्हतं.

वसईतल्या होळी गावाच्या त्या गल्लीत दोन घरांमधलं कुंपण म्हणजे केळीची एक रांग. पलीकडे राहणाऱ्या कृतिकाच्या कानावर हे सगळं पडलं तेव्हा तिच्या खांद्याला दप्तर होतं आणि एकाच पायात बूट. नववीतली शहाणी मुलगी अशा वेळी दुसरा बूट घालून शाळेत जाते. कृतिका एका बुटानिशी केळीतून पलीकडे गेली.

गाडी साधीसुधी नव्हती. झेन कार्बन, २००३ची. मारुतीने त्या वर्षी झेनच्या दोन खास आवृत्त्या काढल्या, एक काळी कार्बन, एक रुपेरी स्टील, आणि त्याही मोजक्याच. खास काय, तर दोन दारं कमी. पुढची दोन ठेवली, मागची डिकी धरली तर तीन, आणि तेवढ्यावर लोक वेडे झाले. "कमी करूनही वस्तू वाढते, बघ," असं अंकल म्हणायचे. टेक्निकल शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून ते निवृत्त झाले होते. रेघ ओढण्याइतकाच त्यांचा रेघ खोडण्यावर विश्वास होता. चित्रकलेच्या परीक्षेसाठी कृतिका आठवड्यातून तीनदा त्यांच्या ओट्यावर बसायची, आणि ते एकच धडा पुन्हा पुन्हा द्यायचे: आधी बघ, मग रेघ ओढ.

शेडमध्ये केनीदादा उभा होता. अंकलचा मुलगा, वसई रोडला फ्लॅटमध्ये राहायचा. ऑफिसला जाण्याआधी आईने केलेलं लोणचं न्यायला आला होता आणि त्यानेच मडगार्ड बघितला होता.

"डॅडी, काल कुठे गेला होतास?"

"कुठेच नाही."

"मग गाडी काय एकटीच फिरून आली? काल सकाळी तूच पुसली ना तिला? तेव्हा धड होती?"

"धड होती."

"डॅडी, गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला. फ्लॉसीच्या लग्नात तू मला सॅन्टन म्हणून हाक मारलीस, तुझ्या भावाचं नाव. मी बोललो का काही? पण आता कुणी मध्ये आलं असतं तर?"

अंकल सहा फूट उंच. ते वाकले आणि ताप बघावा तसा त्यांनी मडगार्डवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"असेल," ते म्हणाले. "नेली असेन मी. आठवत नाहीय."

ते आत गेले, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरची चावी घेऊन आले आणि केनीच्या हातात ठेवली. केनीची आई, रोझलिन आंटी, दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. कपावर साय आली तरी त्या हलल्या नाहीत.

"शनिवारी देवेंद्रला बोलावतो," केनी जरा नरमून म्हणाला. "आगाशीचा. कधीपासून मागतोय तो गाडी."

"बोलव." मग अंकलचं लक्ष कृतिकाकडे गेलं. "आणि तू ड्रॉइंगला येऊ नकोस आता, बाय. मी काहीतरी चुकीचं शिकवून बसेन."

कृतिकाला मडगार्डचं काही वाटलं नव्हतं, ह्याचं मात्र वाटलं. तिने आपल्या आयुष्यात अंकलइतकं खात्रीने बोलणारा माणूस पाहिला नव्हता, आणि तो माणूस आता स्वतःच्या ओट्यावर पाहुण्यासारखा उभा होता.

सगळे आत गेले. गाडीचं दार उघडंच होतं. कृतिका ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. आधी बघ. आरशात मागच्या भिंतीला टेकवलेली शिडी दिसत होती, पायरी न् पायरी. आरशाला एक दोरा लोंबत होता, आणि दोऱ्याला काही नव्हतं. रविवारी तिथे झावळीच्या पातीचा छोटा क्रूस होता. रविवारी संध्याकाळी अंकलनी नेहमीसारखं इंजिन चालू करून दाखवलं तेव्हा ती शेजारच्या सीटवर बसली होती, तो क्रूस तिच्या नाकासमोर डोलत होता.

मग तिने त्या शेजारच्या सीटकडे बघितलं. ती सीट पाठ मोडल्यासारखी पुढे झुकलेली होती.

कार्बनला मागे दारं नाहीत. मागे कुणाला बसवायचं तर डावी सीट अशी पुढे झुकवावी लागते, दुसरा मार्गच नाही. अंकल विसरले असतील, चला, मान्य. पण जो माणूस मागे बसला होता, तोही विसरला?

२

शाळेतून येताना ती एरॉलदादाच्या गॅरेजवर गेली. एरॉल म्हणजे अंकलचा पुतण्या. हाताने कसबी, तोंडाने वल्ली, उंचीने घराण्याला शोभणारा. तो एका रिक्षाखाली झोपला होता. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

"एरॉलदादा, अंकलच्या गाडीचं कळलं?"

"कळलं." चपला हलल्या नाहीत.

"नीट होईल?"

"मडगार्ड? अर्ध्या दिवसाचं काम. ठोकायचा, पुट्टी मारायची, रंग मारायचा. इंडिकेटरची काच मिळायला त्रास. ह्या असल्या स्पेशल गाड्यांचं तेच. लग्नात सगळे वळून वळून बघतात, आणि एक काच फुटली की मुंबईभर फिरा."

"काल दुपारी तुमचं गॅरेज बंद होतं ना?"

"सोमवारी दुपारी बंदच असतं. माणसाने जेवू नये काय? तू शाळेत जातेस की चौकीवर?"

"सहज विचारलं. अंकल म्हणतात त्यांनीच नेली असेल. मला नाही पटत."

रिक्षाखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एरॉल म्हणाला, "हे बघ, त्या वळणावरच्या मोरीचा कठडा आहेच तसा. बघता बघता डावी बाजू जाते. त्यात काय एवढं. अंकलला सांग, जीवाला लावून घेऊ नको म्हणून."

"सांगते," म्हणून ती निघाली. गॅरेज मागे पडलं, भाजीचे वाफे लागले, आणि पाण्याच्या पाटाशी ती थबकली.

मडगार्ड कशाला लागला हे सकाळपासून कुणालाच माहीत नव्हतं. भिंत असेल, खांब असेल, दुसरी गाडी असेल. मग एरॉलदादाला मोरी कुठून कळली?

३

बुधवार राखेचा होता. उपवासकाळाचा पहिला दिवस. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. अंकलच्याही होता. ते नेहमी ताठ चालत. आज रोझलिन आंटींच्या अर्धं पाऊल मागून चालत होते, वाट चुकू नये म्हणून चालतात तसे.

त्यांच्या मागून लूर्डस आंटी येत होत्या, लंगडत. लूर्डस आंटी म्हणजे रोझलिन आंटींची शाळेपासूनची मैत्रीण, आणि गल्लीतल्या चर्चच्या प्रत्येक कामाची मुकादम. कृतिकाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"पायाला काय झालं, आंटी?"

"गुडघा. वयाला विचार."

"रविवारी तर बऱ्या होतात."

"रविवारी वय कमी होतं."

"आंटी, एक विचारू?"

लूर्डस आंटी थांबल्या आणि त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं. "हे दिसतं? आज मी उपाशी आहे आणि आज मी खोटं बोलणार नाही. म्हणून तू मला काही विचारू नकोस."

आता असं म्हटल्यावर कुठली मुलगी गप्प बसेल? पण कृतिका हुशार होती. जे विचारायचं ते तिने विचारलंच नाही, दुसरंच विचारलं.

"मी राखेबद्दल विचारत होते. ती कुठून आणता?"

लूर्डस आंटींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आणतो कुठली, करतो. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घराघरांत क्रूस करून लावलेल्या असतात ना, दारावर, देव्हाऱ्यात, त्याच परत घ्यायच्या आणि जाळायच्या. आशीर्वादित वस्तू अशी कचऱ्यात टाकता येत नाही, बाय. मोडली, सुकली, तरी टाकायची नाही. आपल्या गल्लीतल्या मीच गोळा करते. काल संध्याकाळी जाळल्या."

"सगळ्यांच्या आल्या?"

"आल्या की. पॉलिनच्या तीन, कार्मिनच्या दोन. रोझलिनच्या पाच. चार रविवारी दिल्या आणि एक क्रूस सोमवारी संध्याकाळी, मोडलेला, रुमालात बांधून."

"सोमवारी," कृतिका म्हणाली.

"सोमवारी, साडेपाचला, माझ्या घरी येऊन..." लूर्डस आंटींनी वाक्य तिथेच सोडलं. त्यांनी पिशवी परत घेतली आणि दुखऱ्या गुडघ्याच्या मानाने फारच भराभर घराकडे निघाल्या.

अंकलच्या घरात क्रूस चारच. दोन दारांवर, एक देव्हाऱ्यात, एक पलंगाच्या डोक्याशी. कृतिकाने ते दहा वेळा मोजले होते, चित्रात काढलेही होते. पाचवा गाडीतला. आणि गाडीतला मी स्वतः मंगळवारी चर्चमध्ये नेऊन देईन, असं अंकल रविवारी तिच्यादेखत म्हणाले होते. मंगळवारी सकाळी मडगार्डने सगळं विसरायला लावलं. पण क्रूस त्याआधीच, सोमवारी संध्याकाळीच, दोऱ्यावरून उतरला होता. म्हणजे गाडीत काय झालं ते कुणाला तरी केनीच्या एक रात्र आधी माहीत होतं.

आणि तो क्रूस मागून घेऊन बघावा म्हटलं तर काय बघणार? पुरावा आता सगळ्या गावाच्या कपाळावर होता.

४

गुरुवारी देवेंद्र गाडी बघायला आला, शनिवारपर्यंत त्याला दम निघेना. आगाशीच्या बागायतदारांचा मुलगा, चाळिशीचा, चिकूच्या वाडीत त्याने जुन्या गाड्यांसाठी मोठी शेड बांधलेली. केनीने चावी पाठवली नव्हती, म्हणून तो काचेला नाक लावून आत बघत होता.

"माझ्याकडे स्टील आहे," तो कृतिकाला म्हणाला. "रुपेरी. गोल दिव्यांची झेन क्लासिक पण आहे. कार्बन नाही. जोडी पुरी होत नाही, त्रास होतो गं."

म्हणजे ह्यालाही कारण होतं. गाडी पडेल भावात हवी, तर आधी म्हाताऱ्याच्या हातून काढायला हवी. कृतिकाने डोळे बारीक केले.

"सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

देवेंद्र हसला. "विरारला, दाताच्या डॉक्टरकडे. हे बघ." त्याने खरोखर तोंड उघडून दाखवलं. "आणि एक सांगू? मला ही गाडी अशी नकोय. सर मला दर वेळी नाही म्हणायचे, त्यात मजा होती. काल फोनवर म्हणाले, घेऊन जा. मला झोप लागली नाही."

"ती पुढची सीट झुकलेली का आहे?"

"खटका गेलेला दिसतोय. माझ्या स्टीलचं पण तेच. मागचा माणूस उतरला की हाताने ढकलून सरळ करावी लागते. माहीत नसेल, किंवा घाई असेल, तर ती तशीच राहते." त्याने आत बघत मान वाकडी केली. "सरांना तर माहीत असणार."

सरांना माहीत असणार. कृतिकाने ते मनात लिहून ठेवलं.

संध्याकाळी ती आपल्या ओट्यावर कागद घेऊन बसली आणि गाडीचं आतून चित्र काढू लागली. अंकल म्हणायचे, जे कळत नाही ते काढून बघ. स्टिअरिंग. दोरा. झुकलेली सीट. मग आरसा. आरशात शिडी काढायला घेतली, आणि पेन्सिल थांबली.

ती त्या ड्रायव्हरच्या सीटवर आधीही बसली होती, कितीतरी वेळा. अंकल तिला स्टिअरिंग धरू द्यायचे. आणि दर वेळी ती तक्रार करायची की आरशात नुसतं छप्पर दिसतं. "तो माझ्या डोळ्यांसाठी लावलाय," अंकल म्हणायचे. "तू अजून एक फूट वाढ, मग बघू."

मंगळवारी तिला शिडी पूर्ण दिसली होती. पायरी न् पायरी.

कृतिकाची उंची पाच फूट. अंकल सहा फूट, केनी त्यांच्याहून बोटभर जास्त, एरॉल तसाच, देवेंद्र दारातून वाकून येणारा. शिवाय केनी सोमवारी दुपारी अंधेरीत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खात होता, त्याने स्वतःच स्टेटस ठेवलेलं. गाडी ज्याने चालवली त्याने सीट मागे सारून ठेवली, चावी खिळ्यावर लावली, सगळं जागच्या जागी केलं. आरसा तेवढा राहिला.

चालवणारा माणूस कृतिकाएवढा होता. एवढ्याशा माणसाने आशीर्वादित क्रूस टाकला नाही, रुमालात बांधून नेला. आणि त्या घरातल्या ज्या माणसाला गाडी येत नाही असं साऱ्या गल्लीला माहीत होतं...

तिने कागद उलटा ठेवला. आतापर्यंत तिला वाटत होतं की उत्तर सापडलं की आनंद होईल.

५

शुक्रवारी तिने तीनदा केळीची रांग ओलांडली आणि तीनदा परत आली. रोझलिन आंटींनी तिला लहानपणी मैद्याचे गोड फुगे तळून खायला घातले होते, शर्टाचं बटण लावून दिलं होतं. आणि ह्याच बाईने नवऱ्याला चार दिवस असं बसू दिलं होतं? तिला राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त, काहीतरी समजत नाहीय असं वाटत होतं. शेवटी तिने ठरवलं: आपण कुणाचं नाव घ्यायचं नाही. अंकलचं नाव यादीतून खोडायचं, बस.

शनिवारी चारला ओट्यावर सगळे होते. केनी, देवेंद्र, गाडी बघायला म्हणून बोलावलेला एरॉल, आणि बोलावलं नव्हतं तरी लूर्डस आंटी. अंकल खुर्चीत बसले होते, हातांची घडी गुडघ्यावर. रोझलिन आंटी चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"तर मग," केनी म्हणाला.

"मला बोलायचंय," कृतिका म्हणाली. आवाज जरा वर गेला. तिने तो खाली आणला. "अंकलनी गाडी नेली नव्हती."

"कृतिका, हे घरचं आहे गं."

"दोन मिनिटं, केनीदादा. मंगळवारी डावी सीट पुढे झुकलेली होती. म्हणजे मागे कुणीतरी बसलं होतं. अंकल विसरले असं धरलं, तरी मागचा माणूस येऊन सांगेल ना? चार दिवस कुणी आलं नाही. जो माणूस मागे बसला तो बोलत नाहीय, म्हणजे तो अंकलबरोबर गेलाच नव्हता, दुसऱ्या कुणाबरोबर गेला होता. आणि मागे चढता उतरताना त्याचा गुडघा दुखावला असेल."

लूर्डस आंटींनी पदराने तोंड पुसलं.

"दुसरं, गाडी त्या वळणावरच्या मोरीला लागली. हे एका माणसाला मंगळवारीच माहीत होतं, कुणी सांगायच्या आधी."

एरॉल खांबावरचा रंग नखाने खरवडू लागला.

"तिसरं, आरसा. अंकलचा आरसा मला कधीच उपयोगी पडत नाही. मंगळवारी पडला. चालवणारा माझ्याएवढा होता. अंकल, तुम्ही माझ्याएवढे आहात का?"

अंकलनी मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या तरी डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाही," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मग कोण?"

कृतिकाने रोझलिन आंटींकडे बघितलंसुद्धा नाही. ती ट्रेमधले कप मोजत राहिली. सात होते.

"मी," रोझलिन आंटी म्हणाल्या.

केनीला हसूच आलं. "ममी, तुला गाडी येत नाही."

"म्हणून तर धडकली." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "जानेवारीपासून शिकतेय. दर सोमवारी, हा झोपला की. पाचूबंदरपर्यंत जायचं आणि यायचं, त्या वेळी तिथे मासळीचा लिलाव संपलेला असतो, रस्ता मोकळा. एरॉल बाजूला. लूर्डस मागे."

"लूर्डस आंटी मागे कशाला?"

"मला भीती वाटते. ती मागे रोझरी म्हणते."

"जाऊन येईपर्यंत माळेची पाचही रहस्यं म्हणून होतात," लूर्डस आंटी पुटपुटल्या. "त्या दिवशी चौथ्याला मोरी आली."

"लर्निंग लायसन्स पण काढलंय आंटीने," एरॉल घाईने म्हणाला. "डॉक्टरचा दाखला, सगळं. मी मंगळवारीच सांगणार होतो, आंटी थांब म्हणाली."

देवेंद्र खाली बघून हसू दाबत होता. पण अंकल हसत नव्हते, आणि हळूहळू सगळेच थांबले.

"चार दिवस," अंकल म्हणाले, "मी सोमवार शोधतोय. जेवलो ते आठवतं. भरलेलं वांगं होतं. झोपलो ते आठवतं, उठलो ते आठवतं. गाडी कुठेच नाही त्यात. मी म्हटलं, आतमध्ये एवढं मोठं भोक पडलं आणि मला कळलंही नाही. उद्या तुझं नाव जाईल त्यातून. तू समोर होतीस ना? मी चावी दिली तेव्हा तू समोर होतीस."

"होते." रोझलिन आंटी त्यांच्या समोर पायरीवर बसल्या. "मी बोलणार होते. तू 'असेल' म्हणालास. मग उठलास आणि चावी दिलीस. दोन-तीन महिने मी ती चावी मागत होते, भांडत होते, पाया पडायची बाकी होते. त्या दिवशी आपणहून दिलीस. मला वाटलं, असू दे, माझ्या एका गप्प बसण्याने जर हा रस्त्यावर जायचा थांबत असेल तर असू दे. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या मागून चालायला लागलास. मग तोंडच उघडेना."

"पण एवढं काय झालं होतं, ममी?" केनी म्हणाला. "गॅस तर कुणाचाही राहतो."

उत्तर अंकलनी दिलं.

"डिसेंबरात मी केळ्यांची सुकेळी आणायला आगाशीला गेलो होतो. परत यायला अडीच तास लागले. हिला म्हटलं, ट्रॅफिक होतं." ते थांबले. "ट्रॅफिक नव्हतं. बाजाराच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो, तिथे मला कळेना कुठे वळायचं. ज्या रस्त्याने चाळीस वर्षं गेलो. गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो."

"माहीत होतं मला," आंटी म्हणाल्या. "सुकेळीचं पाकीट घेऊन आलास तेव्हा तुझा शर्ट घामाने भिजलेला होता. डिसेंबरात."

केनीने खिशातली चावी काढली होती, ती कुणाला द्यावी हे त्याला कळत नव्हतं. कृतिकालाही कळलं नसतं. तिला वाटलं होतं, खोटं कुणाचं ते सापडलं की खरं आपोआप वर येईल. इथे तर दोन खोटी निघाली, आणि दोन्ही एकमेकांना सांभाळायला सांगितलेली.

"ऐक," अंकल आंटींना म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतला झाला होता. "जे जाईल ते जाईल. पण माझं काय हरवलं ते मला मोजता आलं पाहिजे. आगाशीचा रस्ता माझा. गॅस माझा. सोमवार माझा नव्हता. दुसऱ्याचं माझ्यात घालू नका, मग मला काहीच कळणार नाही."

"नाही घालणार," आंटी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"देवेंद्र, तुझी जोडी आज पुरी होत नाहीय."

"नको व्हायला, सर," देवेंद्र म्हणाला आणि सुटल्यासारखा चहा प्यायला.

अंकल उठले. "रोझलिन, चल. मला ती जागा बघायचीय."

"कुठली? मोरी?"

"आगाशी."

"एवढ्या लांब मी कधी नेली नाही."

"मी बाजूला आहे. माझं लायसन्स चालू आहे अजून. एरॉल मोटरसायकलवर मागून येईल. आणि ही मागे बसेल," त्यांनी कृतिकाकडे बघितलं, "तिला रोझरी येत नाही, पण बघता येतं."

कार्बनच्या मागच्या सीटवर गुडघे नाकाशी येतात, हे कृतिकाला त्या दिवशी कळलं. होळी मागे पडली. आंटी इतक्या हळू चालवत होत्या की एक सायकलवाला पुढे गेला आणि वळून बघत राहिला. गिअर दोनदा करकरला. अंकल डाव्या खिडकीतून बघत फक्त एवढंच सांगत होते, "ह्या बाजूला हातभर जागा आहे. अजून आहे. ये."

तासाभराने बाजाराच्या अलीकडे रस्ता फुटला. आंटींनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. मागे एरॉलची मोटरसायकल थांबली. एक एसटी आली, उजवीकडे गेली. टोपली घेतलेली एक बाई डावीकडे गेली.

अंकल दोन्ही रस्ते बघत होते. कृतिकाला माहीत होतं कुठे वळायचं. आंटींनाही माहीत होतं. दोघी गप्प होत्या, आणि हे गप्प बसणं वेगळं होतं.

"इथेच," अंकल म्हणाले. "ह्या झाडाखाली बसलो होतो."

आणखी बराच वेळ गेला. मग त्यांनी हात वर केला, फळ्यावर रेघ दाखवावी तसा.

"डावीकडे घे."

आंटींनी इंडिकेटर दिला. डावा फुटलेला होता, म्हणून अंकलनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो तसाच बाहेर धरून ठेवला, गाडी पूर्ण वळेपर्यंत.